पहिल्या कॉलला जाण्याआधी

मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे, डेथ इन्व्हेस्टिगेटर (मृत्यूचा तपास करणारा) म्हणून रुजू होतोयस ना? एबीएमडीआय या मृत्यू-तपासनिसांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या नोंदणीसाठी लागणारे कामाचे ६४० तास भरतील, त्याची घाई नको. घटनास्थळी आधी फोटो, मगच स्पर्श. खोलीचं तापमान लगेच लिहून घे. पाठीवर पडलेल्या देहाच्या छातीवर साकळलेल्या रक्ताचा जांभळेपणा दिसला, तर देह मृत्यूनंतर हलवलाय. कुणी, ते विचार. औषधांच्या बाटल्यांवरची तारीख बघ, उरलेल्या गोळ्या मोज. मला कितीदा तरी उत्तर तिथंच सापडलंय.

घरच्यांना मात्र समोर बसून सांग, फोनवर नको. ‘डाइड’ हाच शब्द वापर. गोलमोल बोललास तर माणसं आशेला चिकटून राहतात, फार हाल होतात त्यांचे. मग गप्प बस, रडू दे. निघताना तुझं नाव आणि ऑफिसचा नंबर कागदावर लिहून दे. त्या क्षणी ऐकलेलं काही लक्षात राहत नाही.