नाटककार कुठे बसतो?

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. शेक्सपिअरच्या लंडनची तू सरळ वाटणी केलीस: वर राजा नि उमराव, खाली एक पेनी देऊन उभ्यानं नाटक बघणारी गर्दी. पण नाटककार स्वतः कुठे बसतो? तिथून सुरुवात कर.

१५७२ च्या कायद्यानं, उमरावाचा आश्रय नसलेला फिरता नट भामट्या-भटक्यांत मोडायचा. शिक्षा काय, तर फटके आणि तापल्या लोखंडानं कानाला भोक. म्हणून तर शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला ‘लॉर्ड चेंबरलेनची माणसं’ हे नाव; लॉर्ड चेंबरलेन म्हणजे दरबारातला बडा उमराव-अधिकारी. कागदावर नोकर, प्रत्यक्षात तिकीटबारीवर जगणारे धंदेवाले.

आता शेक्सपिअर. हातमोजे करणाऱ्याचा पोरगा. १५९६ मध्ये वडिलांच्या नावे कुलचिन्ह मिळालं, घराणं ‘जंटलमन’, म्हणजे कुलीन, ठरलं. पुढच्याच वर्षी गावात मोठं घर घेतलं. १६०२ मध्ये राल्फ ब्रूक या कुलचिन्ह-अधिकाऱ्यानं नालायकांना चिन्हं वाटल्याची तक्रार केली, त्या यादीत हेही नाव! आणि १६०४ मध्ये, नव्या राजाच्या मिरवणुकीसाठी, याच जंटलमनला साडेचार वार लाल कापड मिळालं. चाकराच्या गणवेशाचं. माझ्या मते त्याच्या नाटकांतली वर्गाबद्दलची सगळी अस्वस्थता या कापडात आहे, कोणत्याही राजाच्या भाषणात नाही.

मग ‘ट्वेल्फ्थ नाइट’ पुन्हा वाच. कारभारी माल्व्होलिओ मालकिणीशी लग्न करून काउंट व्हायची स्वप्नं बघतो, बनावट पत्राला भुलून पिवळे मोजे चढवतो आणि अंधारकोठडीत जातो. ब्रूकच्या तक्रारीच्याच वर्षी, फेब्रुवारीत, मिडल टेंपल या लंडनमधल्या वकिलांच्या संस्थेत या नाटकाचा प्रयोग झाला. मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं रोजनिशीत कारभाऱ्याच्या फजितीचं कौतुक लिहून ठेवलंय. स्वतः वर चढू पाहणारी ही मंडळी, म्हणूनच बहुधा जास्त हसली असावीत. लिहिणारा त्यांच्याहून वेगळा होता असं मला वाटत नाही.

तुझ्या टिपणात मारिया कुठेच नाही. तीही त्याच घरात मालकिणीच्या तैनातीत. पत्र तिनंच लिहिलेलं, आणि शेवटी मालकिणीच्या नातलगाशी, सर टोबीशी, लग्न करून ती खुशाल वर चढते. तिला कुणी कोंडत नाही. असं का, हे पुढच्या खर्ड्यात लिही; ‘ती बाई म्हणून’ एवढ्यावर भागवू नकोस.