‘बाबांसारखे माझेही कान जातील का?’

“मॅडम, आजोबांना ऐकू येत नव्हतं, बाबांचेही कान पंचेचाळिशीत गेले. माझ्यासाठी स्थळं बघतायत. मलाही होईल? माझ्या मुलांना?”

वय सव्वीस, राहणार पंचवटी, ढोल पथकात वाजवणारी. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय.) सोबत बाबा होते, सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर उभी हयात गेलेले. मशीनच्या आवाजानेच कान गेले, असं घरात सगळे धरून चालले होते.

मी कागदावर घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्यांना कमी ऐकू येतं ते तिलाच पेन्सिलीने भरायला सांगितले. आजोबा भरले, बाबा भरले, आत्याच्या गोलापाशी हात थांबला. “आत्या तर कधी कारखान्यात गेलीच नाही!”

बायका-पुरुष दोघांतही, आणि बापाकडून मुलाकडे. असं दिसलं की बहुधा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली प्रत कान जायला पुरते. ती बाबांकडून येण्याची शक्यता 50 टक्के, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकासाठी ती नव्याने. “दादा ठणठणीत आहे, म्हणजे माझ्याच वाट्याला,” हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. अगं, असा वाटा नसतो. तुझ्यात ती प्रत नसेल तर तुझ्या मुलांकडे ती तुझ्याकडून जाणार नाही. असेल तर त्यांनाही शक्यता निम्मी.

मग बाबा हळूच म्हणाले, “आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत.” स, श, फ असे बारीक आवाज आधी हरवतात, घरच्यांना वाटतं माणसाचं लक्षच नाही. चार वर्षांपूर्वी त्यांनी भजनाला जाणं सोडलं होतं, ते याच कारणाने. मुलीला हे त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

बाबांनी कानाचं यंत्र घेतलं नव्हतं, का तर कान आळशी होतो म्हणे. कान तपासून, नीट बसवून घेतलेल्या यंत्राने कान बिघडत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मात्र एकदा गेल्या की परत येत नाहीत. म्हणून ऐकणं आपोआप सुधारेल या आशेवर थांबण्यात तोटाच.

तिचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, नॉर्मल आला. आज नॉर्मल म्हणजे कायमचं नॉर्मल असं मी म्हणणार नाही, दर वर्षी तपासायचं. जनुकचाचणी करायची तर आधी बाबांची. त्यांच्या जनुकातला बदल सापडला तरच तिच्या चाचणीत आलेल्या ‘नाही’ला अर्थ. ढोल सोडायची गरज नाही, पण कानात प्लग हवेतच. आणि जेंटामायसिनसारखं, कानाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक इंजेक्शन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना घराण्याची हकिगत आधी सांगायची.

स्थळाला सांगायचं का, हे तिने ठरवायचं. माझं मत विचारलं, म्हणून म्हटलं, सांग, हाच कागद पुढे ठेवून सांग.

जाताना तिने दोन तारखा घेतल्या. स्वतःची पुढच्या वर्षीची, बाबांच्या यंत्रासाठी येत्या गुरुवारची.