टेबल मिळेपर्यंत

आदरणीय ताई,
चार वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केल्यानंतर मी एका तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू झाले. साडेतीन महिने होत आले, तरी मला स्वतंत्र टेबल, म्हणजे माझ्या नावावर नेमून दिलेले विषय, मिळालेले नाही. सकाळचे आवक टपाल नोंदवून झाले की माझ्याकडे काहीच उरत नाही. ज्यांच्या हाताखाली मला बसवले आहे ते अव्वल कारकून भले गृहस्थ आहेत, पण काम मागितले की "बसा हो मॅडम, पुढे जन्मभर करायचंच आहे," असे म्हणतात. बाकीचे म्हणतात, तुमची मजा आहे. मी संगणकावर एखादी जुनी एक्सेल उघडून कामात असल्याचे दाखवते आणि सव्वासहाला अगदी गळून गेलेली असते. वडील रोज फोनवर "आज काय काम केलंस?" असे विचारतात, तेव्हा काहीतरी रचून सांगते. फुकटचा पगार घेत असल्यासारखे वाटते. थेट तहसीलदार साहेबांकडे जावे, की नोकरी सोडून पुन्हा अभ्यासाला लागावे?
– एक वाचक, मराठवाडा

प्रिय मैत्रिणी,

काम नसताना येणारा तुमचा थकवा खरा आहे. मागून कोणी येते आहे का याकडे कान लावून बसणे, पडद्यावरचे पान मध्येच बदलणे, चेहरा गंभीर ठेवणे हे आठ तास चालवणे एखादे प्रकरण तयार करण्यापेक्षा कितीतरी जास्त दमवणारे असते. म्हणून उद्यापासून ती एक्सेल बंद ठेवा, एवढे पहिले मागणे. तुमच्या समोर जे असेल ते कोणी डोकावून पाहिले तरी चालेल असेच असावे.

तुमच्या कार्यालयात कामाचा तुटवडा नाही, हे तुम्हालाही दिसत असेल. शेजारच्या टेबलावर गठ्ठे साचलेले आहेत आणि तुम्ही रिकाम्या बसला आहात. असे का होते, याचे कारण तुमच्यात नसून कार्यालयाच्या रचनेत आहे. सरकारी कार्यालयात कागद माणसाच्या नावावर चढतो. कार्यविवरण नोंदवहीत ज्याच्या नावाने प्रकरण आले, त्यानेच पुढे उत्तर द्यायचे असते. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम तुम्ही परीक्षेसाठी वाचला असेल. कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये, असे तो सांगतो. आता अव्वल कारकुनांच्या जागी बसून पाहा. नव्या मुलीच्या हाती नस्ती दिली आणि ती अडकली किंवा चुकली, तर खुलासा त्यांनाच द्यावा लागणार. शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करून टाकलेले बरे, असे त्यांना वाटते. काही ठिकाणी टेबलाशी महत्त्व किंवा हितसंबंधही जोडलेले असतात आणि ते कोणाला वाटून द्यायचे नसतात, हेही खरे आहे. तुमच्या पत्रावरून मात्र तुमच्या वरिष्ठांबद्दल मला तसे वाटत नाही.

तेव्हा "मला काम द्या" असे मागणे सोडा. त्या वाक्याने समोरच्याला आणखी एक काम लागते, कारण तुम्हाला काय द्यायचे ते त्यानेच शोधायचे असते. कामाचे नाव घेऊन मागा. "सर, सामाजिक साहाय्याच्या टेबलाची दोन वर्षांपूर्वीची बंद प्रकरणे मी वर्गवारी करून अभिलेख कक्षासाठी तयार करू का?" या प्रश्नाला नाही म्हणणे कठीण जाते. टेबलावरचे कागद लावण्याची सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट पाहणारी), नियतकालिके (ठराविक काळाने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नाश करायची. बहुतेक टेबलांवर पहिले दोन गठ्ठे कसेबसे सांभाळले जातात आणि पाचव्या-सहाव्याला वर्षानुवर्षे हात लागत नाही. ते काम कोणालाच नको असते, म्हणून ते तुम्हाला मिळू शकते.

ते करताना घाई करू नका. एक जुनी नस्ती घ्या, पृष्ठ क्रमांक टाका, आणि मग टिपणीचा, म्हणजे वरिष्ठांच्या निर्णयासाठी लिहिलेल्या मजकुराचा, भाग पहिल्या परिच्छेदापासून वाचा. अर्ज कधी आला, कारकुनाने वस्तुस्थिती कशी मांडली, कोणत्या नियमाचा आधार घेतला, नायब तहसीलदारांनी कोठे "चर्चा करा" असा शेरा मारला, त्यानंतर मजकूर कसा बदलला आणि शेवटी आदेश काय झाला, हे सगळे त्या पानांवर क्रमाने उतरलेले असते. अशा पंधरा-वीस नस्त्या नीट वाचल्यात, तर मंजूर होणारी टिपणी आणि परत येणारी टिपणी यांतला फरक तुम्हाला ओळखता येईल. मग एके दिवशी अव्वल कारकुनांना म्हणा, "या प्रकरणाची टिपणी कच्ची लिहून दाखवू का? तुम्ही दुरुस्त करा, सही तुमचीच." जबाबदारी त्यांच्याकडेच राहते आणि श्रम वाचतात. माझ्या माहितीतील महसूल खात्यातल्या बऱ्याच जणांच्या हाती पहिले टेबल असेच आले.

दुसरे काम तुमच्या दारातच उभे असते. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी येणाऱ्या वृद्ध स्त्रिया कोणत्या खिडकीशी जायचे हे न कळल्याने सकाळपासून जिन्याखाली बसलेल्या असतात. कधी हयातीचा दाखला राहिलेला असतो, कधी बँकेच्या खात्याला आधार जोडलेले नसते. आवक कक्षात तुम्हीच बसता. अर्ज घेतानाच कोणता कागद कमी आहे हे सांगितलेत, तर त्या बाईची पुढची एसटीची खेप वाचेल आणि त्रुटीचे एक पत्रही वाचेल. हे तुमच्या नेमून दिलेल्या कामाच्या कक्षेतच येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. काम मिळावे म्हणून आतुर झालेल्या नव्या माणसाकडे कोणी सहज म्हणते, "माझ्या लॉगिनमधून एवढे दाखले पुढे ढकला," किंवा साहेबांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगलच हाती ठेवते. त्या वेळी आपल्यावर विश्वास टाकला, असे वाटून माणूस सुखावतो. नको म्हणा. दुसऱ्याच्या लॉगिनमधून गेलेल्या चुकीच्या दाखल्याची चौकशी लागली, तर संगणकावर कोण बसले होते हे सगळ्यांना आठवते आणि तुम्हाला ते कोणी सांगितले होते हे कोणालाच आठवत नाही. परिविक्षा कालावधीत, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या काळात, असे काही अंगाशी येणे फार महागात पडते. "सर, माझ्या नावाचे लॉगिन मिळाले की लगेच करते," एवढे नम्र उत्तर पुरेसे आहे.

तहसीलदार साहेबांकडे जायचे का? जायचे, पण आधी नायब तहसीलदारांकडे, आणि तक्रार म्हणून नव्हे. अव्वल कारकुनांना कल्पना देऊन जा, म्हणजे त्यांना डावलल्यासारखे वाटणार नाही. या काही आठवड्यांत तुम्ही काय केले ते दोन वाक्यांत सांगा आणि पुढच्या कामकाज वाटपाच्या आदेशात आपले नाव यावे, अशी विनंती करा. एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात, टेबले रिकामी होतात आणि वाटप नव्याने केले जाते. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांची झुंबड उडते, अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांच्या याद्या येतात, निवडणूक लागली की रविवारही उरत नाही. त्या दिवसांत तुम्हाला कोणी बसा म्हणणार नाही.

फुकटच्या पगाराची टोचणी मला समजते आणि तिचा मला आदर वाटतो. पण परिविक्षेचा काळ शासनाने शिकण्यासाठीच दिलेला असतो आणि त्याचा पगार घेण्यात गैर काही नाही. वडिलांना खरे सांगा. मुलगी नोकरीला लागली याचा त्यांना आनंद आहे, तिने रोज किती नस्त्या निकाली काढल्या याचा हिशोब त्यांना नको असतो. आज एका जुन्या प्रकरणात काय वाचले ते सांगा. शेतकरी माणूस असेल तर फेरफाराची गोष्ट तो तुमच्यापेक्षा जास्त रस घेऊन ऐकेल.

राजीनाम्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढे महसूल अर्हता परीक्षा या खात्यांतर्गत परीक्षा तुम्हाला विहित मुदतीत उत्तीर्ण व्हायची आहे, नाहीतर ज्येष्ठतेवर आणि पदोन्नतीवर परिणाम होतो. दुपारचा मोकळा वेळ वरिष्ठांना सांगून त्यासाठी उघडपणे वापरा. जमीन महसूल संहिता टेबलावर उघडी दिसली तर महसूल कार्यालयात कोणी हरकत घेणार नाही. राज्यसेवेचा अभ्यास करायचा असेल तर तो घरी, सकाळी आणि शनिवार-रविवारी करा. मेअखेरच्या वाटपातही तुमचे नाव आले नाही, तर तहसीलदारांच्या नावे लेखी विनंती अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि मग मला पुन्हा लिहा.

तुमची,
ताई