सहा दिवसांत मनालीहून स्पिती: खासगी गाडीसोबत गाईड घ्यावा का, आणि खर्च किती?

प्रश्न असा आहे: नाशिकहून चार मोठी माणसं, त्यात एक बासष्ट वर्षांची आई, जूनअखेर मनालीहून खासगी गाडी करून सहा दिवसांत स्पिती, पहिला मुक्काम चंद्रतालला. गाईड वेगळा घ्यावा की ड्रायव्हर पुरेल, आणि खर्च किती येईल?

गाईड आणि खर्च नंतर. आधी तो पहिला मुक्काम खोडा.

अगदी हाच आराखडा माझ्या मेहुण्याने 2022 च्या जूनमध्ये एक्सेलमध्ये बसवला होता, आणि मावशींना घेऊन आम्ही त्यावर निघालोही. मनाली ते काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, सुमारे दोनशे किलोमीटर, सिमल्याहून चारशेच्या वर, म्हणजे मनालीहून दोन दिवस वाचतात. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात उंचीचा रकाना नाही. मनाली सुमारे 2,050 मीटर, चंद्रताल 4,250. रात्रीच्या झोपेची उंची एका दिवसात बावीसशे मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा नियम गिर्यारोहकांसाठी आहे तसाच गाडीत बसून जाणाऱ्यांसाठीही आहे. उलट चालणारा हळू चढतो, गाडीवाला भसकन वर जातो. 'आमची आई दर रविवारी पांडवलेणी चढते' हे उत्तर होत नाही. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई 1,646 मीटर. त्याहून उंच तर सिमला आहे.

त्या वेळी मनालीच्या हॉटेलात नाश्ता साडेआठला, म्हणून गाडी निघाली साडेनऊला. पहिली चूक तिथेच झाली. अटल बोगदा ओलांडून कोकसरला चहा, पुढे ग्रांफूला डांबर संपलं. तिथून बातलपर्यंत पन्नासेक किलोमीटर, पण गोटे आणि वाहतं पाणी यातून वेग ताशी पंधरा. छोटा दडा नावाच्या जागेच्या अलीकडच्या नाल्यावर पोचायला अडीच वाजले. हे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. रात्री वर गोठलेलं असतं, म्हणून पहाटे पाणी घोट्याएवढं. दुपारनंतर तेच पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढतं, गढूळ होतं आणि तळाचे दगड दिसेनासे होतात. पाणी खोल आहे म्हणून गाड्या फारशा अडकत नाहीत, तळ दिसत नाही म्हणून अडकतात.

जाणता ड्रायव्हर इथे आधी गाडीतून उतरतो. पुढची गाडी कुठून गेली ते बघतो, काठी टाकून खोली बघतो, माणसं खाली उतरवून वजन कमी करतो. मग पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, आणि एकाच लयीत पार. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. आमचा ड्रायव्हर स्वभावाने चांगला, पण सवय त्याला हायवेची. दगडावर चाक चढेना म्हणून त्याने हाफ क्लचवर रेस दिली. पाण्यात उभ्या गाडीतून जळक्या रबरासारखा वास आला. क्लच प्लेटचा वास एकदा घेतला की विसरत नाही. शेवटी मागून आलेल्या सुमोने दोर बांधून ओढलं. बातलला साडेसहा, चंद्रतालच्या कॅम्पवर आठ.

रात्री अकराला मावशींचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. ऑक्सिमीटरवर अडुसष्ट. तिथे धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात असतो आणि बोटं गार पडली की यंत्र खोटंही बोलतं, म्हणून हात चोळून गरम करून पुन्हा बघितलं. सत्तर. कॅम्पवाल्याकडे एक सिलिंडर होता, अर्धा भरलेला. आम्ही मनालीहून घेतलेले ऑक्सिजनचे स्प्रेसारखे डबे काही मिनिटांत संपले. ते डबे फोटोपुरते असतात, त्यांच्या भरवशावर कोणी वर जाऊ नये.

विरळ हवेच्या त्रासावर खरं औषध एकच, खाली उतरणं. पाच-सातशे मीटर उतरलं तरी फरक पडतो. आता नकाशा उघडा आणि चंद्रतालहून खाली कुठे जाणार ते बघा. काझाकडे जायचं तर मध्ये कुंझुम खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर, म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचं. मनालीकडे जायचं तर तेच नाले, तोच एका गाडीच्या रुंदीचा रस्ता, रात्री. ड्रायव्हर अंधारात निघायला नाही म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. मोबाईलला रेंज नाही. पहाटेपर्यंत मावशींना उशांना टेकवून बसवून ठेवलं. साडेचारला निघालो. नाल्यांना पाणी उतरलेलं होतं, आदल्या दिवशी जिथे दोर बांधला तिथून गाडी सरळ पार झाली. क्लच घसरत होता, पण सगळा उतार होता म्हणून निभावलं. कुंझुम त्या गाडीने चढला नसता. साडेनऊला कोकसर आलं, 3,100 मीटरच्या आसपास, आणि मावशींनी स्वतःहून चहा मागितला. स्पिती तिथेच संपली. मेहुणा अजून म्हणतो, मावशींना सवय नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा भागात रस्ता निवडताना अंतर बघायचं नाही, माघारीची वाट बघायची. सिमला-किन्नौरकडून चढलात तर आधी सतलज आणि मग स्पिती नदीच्या कडेने हळूहळू वर जाता. कोणाला त्रास झाला तर गाडी फिरवा, नाकोजवळचा चढ सोडला तर रस्ता नदीबरोबर खालीच जातो. मध्ये खिंड नाही. मनालीची बाजू उतरायला उत्तम, कारण तोवर शरीर रुळलेलं असतं आणि काझाहून पहाटे पाचला निघालं की नाले वाढायच्या आत बरंच अंतर कापून होतं.

मुक्काम असे धरा. चंदीगडहून पहिली रात्र नारकंडा, 2,700 मीटर. दुसरी आणि तिसरी कल्पा, 2,960. मधल्या दिवशी बास्पा खोऱ्यातलं छितकुल बघून परत कल्पालाच झोपा. चौथी रात्र ताबो, 3,280. वाटेत नाकोचं तळं बघा, जेवा, पण झोपू नका. नाको 3,660 आहे, कल्पाहून एकदम सातशेची उडी होते. बहुतेक तयार कार्यक्रमांत मुक्काम नाकोलाच असतो आणि डोकेदुखीच्या गोळ्या तिथेच निघतात. पुढे तीन रात्री काझा, तिथून रोज वर जाऊन खाली यायचं: की गोम्पा (बौद्ध मठ), किब्बर, लांगझा, 4,400 मीटरवरचं हिक्किमचं पोस्ट ऑफिस, कोमिक. आठवी रात्र मनाली, नववा दिवस चंदीगड. चंद्रताल हवंच असेल तर आठव्या रात्री, आणि प्रवासाला एक दिवस जोडा. सहाच दिवस असतील तर काझा सोडा. कल्पा आणि ताबो करून त्याच वाटेने परत या. ते काही कमी नाही.

आता गाईड. पूर्ण प्रवासभर गाईड नको. एकतर तो एक सीट खातो. इनोव्हाच्या मागच्या ओळीत मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात, आणि नाकोच्या आधीच्या वळणांवर सगळ्यात आधी ओकारी तिथेच येते. चार प्रवासी, एक ड्रायव्हर, मागे सामान, हे गणित बरोबर आहे. मात्र ताबो आणि काझाच्या दिवसांसाठी स्थानिक माणूस जरूर घ्या. ताबोचा गोम्पा 996 सालचा आहे. बाहेरून मातीचे चौकोनी ढिगारे दिसतात, आत काळोख, फोटोला बंदी. माहिती नसलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो. जाणता माणूस टॉर्चचा झोत भिंतीवर सरकवत नेतो, आणि डोक्याच्या वरच्या उंचीवर मातीच्या बत्तीस मूर्ती एकेक करून अंधारातून पुढे येतात, मध्ये चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. टॉर्च आपला न्या. मोबाईलचा उजेड पुरत नाही, आणि मोबाईल बाहेर काढला की लामा संशयाने बघतात.

बाकी सगळे दिवस तुमचा गाईड म्हणजे ड्रायव्हरच, म्हणून पैसे आणि चौकशी त्याच्यावर खर्च करा. बुकिंगच्या आधी एजंटला सांगा, ड्रायव्हरशी फोनवर बोलायचंय. 'वहाँ गए हो क्या' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, 'छोटा दड़ा में पानी कितने बजे बढ़ता है?' जो लगेच 'दोपहर के बाद, सुबह जल्दी निकलना पड़ेगा' म्हणेल तो तुमचा माणूस. जो 'टेन्शन मत लो सर' म्हणेल त्याला नमस्कार करा. किन्नौरच्या वाटेवरच्या तरंडा देवीच्या देवळापाशी गाडी थांबवून हात जोडणारा आणि कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालणारा ड्रायव्हर मला आवडतो. श्रद्धेचं त्याचं त्याच्यापाशी, पण ज्याला त्या रस्त्याची भीती आहे तो वळणावर ओव्हरटेक करत नाही.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्त पडते, पण भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. टायरची नक्षी झिजलेली नाही ना ते बघा, पाचवं चाक हवेने भरलेलं आहे ना ते दाबून बघा, जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी मागा. मऊ मातीत फळीशिवाय जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. रेकाँग पिओखाली पोवारीला टाकी पूर्ण भरा. त्यानंतरचा भरवशाचा पंप काझाला.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण तो हंगामानुसार बदलतो आणि एजंट नेमका तोच आकडा धरून पुढे घासाघीस करतात. ठरवायचं कसं ते सांगतो. दर दिवसावर ठरवा, किलोमीटरवर नाही. इथे दीडशे किलोमीटरला सात तास लागतात, म्हणून किलोमीटरवर ठरलेला ड्रायव्हर घाईत असतो. डिझेल, टोल, राज्याचा कर, पार्किंग आणि ड्रायव्हरची खोली त्यात आहे का, हे लिहून घ्या. खोलीबद्दल मुद्दाम विचारा. पुष्कळ ठिकाणी तो गाडीतच झोपतो, आणि तशा थंडगार रात्रीनंतर पहाटे पाचला तोच तुम्हाला कुंझुमवरून नेणार असतो. रस्ता बंद पडून एक दिवस वाढला तर त्या दिवसाचा दर काय, हेही आधीच ठरवा. रोख जवळ ठेवा, काझाच्या एटीएमवर विसंबू नका.

काही गोष्टी राहिल्या. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस नगण्य, पण तिथे पोचवणारा किन्नौरचा रस्ता दरडींचा. 2021 च्या जुलैत बटसेरीला आणि ऑगस्टमध्ये निगुलसरीला काय झालं ते वाचा. जूनअखेर ठीक, सप्टेंबर सगळ्यात चांगला. सोबत कोणी परदेशी पासपोर्टवर असेल, भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तर किन्नौर ते स्पिती या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी त्याला परवाना लागतो. तो सिमल्यात किंवा रेकाँग पिओला काढता येतो. भारतीयांना लागत नाही. उंचीचा त्रास टाळण्याच्या डायमॉक्स गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मावशींना होती, आणि ते आम्हाला कोकसरला कळलं. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर गोळी देऊन वाट बघायची नाही, खाली निघायचं. ग्रांफू-बातल रस्त्याचं काम चालू आहे, काही तुकडे पूर्वीपेक्षा बरे झालेत. नाले तसेच आहेत.

इतकं करूनही मनालीहूनच चढायचं असेल, तिकिटं निघालेली असतील, तर बोगद्यापलीकडे सिस्सूला दोन रात्री काढा. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून, चंद्रतालला न थांबता, थेट काझाला उतरा. तरीही एका दिवसात पाचशेच्या किंचित वर चढाल, पण चालून जातं. हे मी मेहुण्यासमोर कबूल केलेलं नाही.