फुलदाणीसाठी घरची फुलं : खुडू नका, कापा

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, 'परसात अर्धा गुंठा जागा आहे. अस्टर, झिनिया, गुलाब भरपूर फुलतात, पण फुलदाणीत ठेवले की दुसऱ्या दिवशी माना टाकतात. बाजारातली फुलं मात्र आठवडाभर टिकतात. ते काय फवारतात? आणि थंडीभर फुलं मिळावीत म्हणून आणखी काय लावू?'

ताई, फवारण्याचा फारसा संबंध नाही. आपल्या हाताला सवय आहे देवासाठी फूल खुडायची. पुरतं उमललेलं, देठ नखाएवढा, वेळ मिळेल तेव्हा. परडीतल्या फुलाला सकाळची पूजा होईपर्यंत टिकलं की पुरे. फुलदाणीतल्या फुलाला दांड्यातून पाणी ओढत जगायचं असतं.

कधी कापायचं ते प्रत्येक फुलाचं वेगळं. ग्लॅडिओलसच्या दांड्यावर तळच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की कापा, बाकीच्या घरात खालून वर उमलत जातात. गुलाबाची बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सैल झाली की पुरे. अस्टर आणि झिनिया मात्र कळीत कापाल तर फसाल, त्या फुलदाणीत उमलत नाहीत. झिनियाची एक सोपी परीक्षा आहे. फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलकेच हलवा. मान लचकली तर फूल कच्चं आहे, दोन दिवस थांबा. दांडा काठीसारखा ताठ राहिला तर कापा. तुमच्या झिनियाने माना टाकल्या त्या बहुधा यामुळेच.

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत कापा. कात्री धारदार हवी, बोथट विळ्याने दांडा चेंगरतो. पाण्याची बादली वाफ्यावरच न्या आणि कापलेला दांडा लगेच त्यात बुडवा. घरात आणल्यावर खालचं बोटभर टोक पाण्याखाली धरून तिरकं कापा, कारण उघड्यावर राहिलेल्या दांड्यात हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजली की पाण्यात जिवाणू वाढतात आणि दांड्याचं तोंड बुळबुळीत होऊन बंद पडतं. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि पाव लहान चमचा कपड्यांचं पांढरं ब्लीच घाला. लिंबू आणि ब्लीच आधी एकत्र करू नका, दोन्ही वेगवेगळे पाण्यातच घाला. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच मेजवानी होते! दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि फुलदाणी घासा. पिकलेल्या केळ्यांचा घड, आंब्याची पाटी शेजारी नको. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. डोक्यावर पंखाही नको.

आता लागवड. सहा तास ऊन मिळणारी जागा निवडा, गादीवाफे करा आणि अर्ध्या गुंठ्याला दहा-बारा घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबरअखेरपासून लावा, पण सगळे एकाच दिवशी नको. दर पंधरा दिवसांनी वीस-पंचवीस लावले तर फुलंही टप्प्याटप्प्याने येतात. लागवडीपासून साधारण 70 ते 90 दिवसांत दांडे निघतात. तीन-चार पानांवर असताना मातीची भर द्या, नाहीतर वाऱ्याने कलतात. दांडा कापताना झाडावर निदान चार पानं ठेवा, खालचा कंद त्यांच्यावरच पोसतो. कापलेले दांडे बादलीत उभेच ठेवा. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात. माझ्या टेबलावर एकदा असा वाकड्या दांड्यांचा गुच्छ आठवडाभर होता, येणारा प्रत्येक जण विचारून गेला.

अस्टरमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले गणेश व्हाईट, फुले गणेश पिंक हे वाण घ्या. बियाणं ताजं हवं, त्याची उगवण लवकर कमी होते. मर रोग टाळायचा तर दरवर्षी वाफा बदला. झिनियाचा शेंडा रोप वीतभर झाल्यावर खुडा, म्हणजे फांद्या वाढतात. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, भुरी येते. मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. भरीला हिरवं हवं असेल तर बांधाकडेला शतावरी लावा.

बार्शीच्या एका दादांचा निशिगंध चार वर्षं एकाच जागी आहे, नुसती पात माजलीय, दांडा नाही. त्यांनी दोनदा युरियाही दिलाय.

दादा, युरियाने पातच वाढणार. खरी अडचण गर्दीची आहे, एकेका ठोंबात कंद दाटले असतील. पाणी तोडा, पात वाळू द्या आणि खणून काढा. अडीच सेंटिमीटरहून जाड कंद निवडा, लहान कंद वर्षभर फुलत नाहीत. सावलीत सुकवून एप्रिल-मे महिन्यात वीत-दीड वीत अंतरावर उन्हाच्या जागी लावा. हारा-वेणीसाठी एकेरी निशिगंध आणि फुलदाणीसाठी दुहेरी, म्हणजे सुवासिनीसारखा वाण चांगला.

ग्लॅडिओलसचे कंद पुढच्या वर्षापर्यंत कसे ठेवायचे, असं दोघा-तिघांनी विचारलंय. दांडा कापल्यावर दीड-दोन महिन्यांनी पात पिवळी पडली की काढा, माती झटका, सावलीत वाळवा आणि तळाशी लागलेला जुना सुकलेला कंद तोडून टाका. मग गोणपाटात सैल भरून हवेशीर, थंड खोलीत टांगा. लगेच पुन्हा लावू नका, दोन-तीन महिने ते सुप्त असतात, उगवणार नाहीत. पावसाळ्यात महिन्याला एकदा पोतं उघडून मऊ पडलेला कंद बाहेर काढा, नाहीतर तो शेजारच्यांनाही कुजवतो.