यकृत, बुरशी आणि रक्ताचे अहवाल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून दारूमुळे त्यांना यकृताचा सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होऊन निकामी होत जाणे) झाला आहे. कावीळ एकदम वाढल्याने त्यांना रुग्णालयात ठेवले, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले आणि दोनदा पोटातील पाणी काढले. त्यानंतर ताप आला. पांढऱ्या पेशी ६,२०० आणि सीआरपी २२, म्हणजे फारसे काही नव्हते. तरीही ‘बीटा-डी-ग्लुकान १४०’ एवढ्या एका अहवालावरून बुरशीविरोधी महागडे इंजेक्शन चालू केले. याची गरज होती का? — एक वाचक, सातारा

उत्तर : रुग्णाला न तपासता उपचाराबद्दल निवाडा देणे योग्य होणार नाही. पण ज्या दोन आकड्यांमुळे आपल्याला हायसे वाटले, ते आकडे सिरोसिसमध्ये वेगळ्या नजरेने वाचावे लागतात, हे निश्चित सांगता येईल. सीआरपी हे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन यकृतातच तयार होते. यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या असतील, तर शरीरात गंभीर जंतुसंसर्ग असूनही सीआरपी अपेक्षेइतके चढत नाही. पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. सिरोसिसमध्ये प्लीहा वाढते, रक्तपेशी तिच्यात अडकून पडतात आणि अनेक रुग्णांचा नेहमीचा आकडाच अडीच-तीन हजारांच्या आसपास असतो. अशा माणसात ६,२०० म्हणजे दुपटीने झालेली वाढ असू शकते. म्हणून वडिलांचे सहा महिन्यांपूर्वीचे अहवाल शोधून त्यांच्याशी तुलना करावी. प्रयोगशाळेने छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसांवरून ठरवलेली असते, हे अहवाल हाती घेताना आपण सगळेच विसरतो.

शिवाय पेशींची संख्या आणि त्यांची कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतड्यातून येणाऱ्या रक्तातील जंतू आणि त्यांचे अवशेष गाळून घेण्याचे काम यकृतातील कुप्फर पेशी करतात. सिरोसिसमध्ये बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते, यकृतात तयार होणारी, जंतूंशी लढणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने घटतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू गिळण्यात कमी पडतात आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील, जंतूंची ओळख इतर पेशींना पटवून देणारा एचएलए-डीआर हा रेणू कमी होत जातो. या शेवटच्या रेणूचे मोजमाप संशोधनात पुष्कळ होते, नेहमीच्या तपासण्यांत मात्र होत नाही. प्रतिकारशक्ती अशी आधीच खचलेली असताना मद्यजन्य यकृतदाहासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिले, तर कॅन्डिडा आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशींना वाट मोकळी होते. त्यामुळेच सातव्या दिवशी ‘लिल’ गुणांक (स्टेरॉइड लागू पडते का, याचा अंदाज देणारा आकडा) काढतात आणि तो ०.४५ पेक्षा अधिक असल्यास, म्हणजे औषधाचा उपयोग होत नसल्यास, स्टेरॉइड सहसा थांबवतात.

आता १४० या आकड्याकडे वळू. बीटा-डी-ग्लुकान हा अनेक बुरशींच्या पेशीभित्तिकेतील घटक असून, प्रचलित चाचणीत मिलिलिटरमागे ८० पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाण ‘पॉझिटिव्ह’ धरतात. तथापि शिरेतून दिलेले अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन, शस्त्रक्रियेतील गॉज आणि काही प्रकारची डायलिसिसची जाळी यांमुळेही हा आकडा फुगतो. पोटातून पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यास लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन देण्याची पद्धत आहे. आपल्या वडिलांना ते दिले असेल, तर त्या बाटल्यांचाही १४० मध्ये वाटा असू शकतो. रक्तात शिरलेले ग्लुकान काढून टाकण्याचे काम मुख्यतः यकृताचे असल्याने आजारी यकृतात ते रेंगाळते, ही आणखी एक अडचण. एकंदरीत ही चाचणी निगेटिव्ह आली की मोठा दिलासा देते, पॉझिटिव्ह आली की पुढचे प्रश्न विचारायला लावते. काही दिवसांनी ती पुन्हा केली का, गॅलॅक्टोमॅनानचा (अ‍ॅस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील घटकाचा) निर्देशांक ०.५ च्या वर आहे का, छातीचा सीटी स्कॅन झाला का, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) काय आले आणि पोटातील पाण्यात घनमिलिमीटरमागे २५० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल (त्या पाण्यात जंतुसंसर्ग असल्याची खूण) होते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

या सगळ्यांची उत्तरे येईपर्यंत थांबले असते तर काय बिघडले असते, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. शरीरात खोलवर पसरलेल्या कॅन्डिडा संसर्गात सुमारे निम्म्या रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि उशिराची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून संशय बळकट असेल तर औषध आधी सुरू करायचे आणि पुढचे अहवाल निर्धोक आले तर ते बंद करायचे, या क्रमात मला गैर दिसत नाही. गैर ठरेल ते एकदा सुरू केलेले औषध पुनर्विचार न करता आठवडेच्या आठवडे चालू ठेवणे. महागड्या इंजेक्शनांपैकी अ‍ॅनिड्युलाफंगिन यकृतावर अवलंबून न राहता रक्तात आपोआप विघटित होते, तर कॅस्पोफंगिन आणि व्होरिकोनॅझोल यांची मात्रा सिरोसिसच्या तीव्रतेनुसार कमी करावी लागते. आपल्याकडे कोणते दिले, तेही पाहावे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. यकृताच्या चाचण्यांत एसजीओटी ४४, एसजीपीटी ६८ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. मांड्यांमध्ये वर्षभर गजकर्ण असून टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. घेऊ का? — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपण सर्व आकडे दिलेत हे बरे झाले. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांचा गुणाकार, असे गणित केले की ‘फिब-४’ निर्देशांक मिळतो. आपला तो सुमारे १.१७ येतो. १.३ च्या खाली असल्यास यकृतात मोठ्या प्रमाणात व्रणासारखे तंतू (फायब्रोसिस) तयार झाले असण्याची शक्यता कमी असते. मात्र टर्बिनाफिनच्या माहितीपत्रकात यकृताचा जुना किंवा चालू आजार असलेल्यांनी ते घेऊ नये असे नमूद आहे, म्हणून हे अहवाल त्वचारोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय गोळी सुरू करू नये. इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाचा पर्यायही यकृताच्या दृष्टीने निर्धोक नाही आणि कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असल्यास तो वर्ज्यच आहे.

त्याआधी त्वचा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुरशी पाहणे आवश्यक. गजकर्णासाठी रक्ताची कोणतीही चाचणी उपयोगाची नाही. आपल्याकडे चिवट झालेल्या गजकर्णामागे बऱ्याचदा ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी असते. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले आणि टर्बिनाफिनला ती अनेकदा दाद देत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेले क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड असलेले मिश्र मलम वापरत असाल, तर ते आजच बंद करा. गोळ्या सुरू झाल्याच, तर पहिल्या सहा आठवड्यांत लघवी गडद होणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे किंवा अंगाला खाज सुटणे दिसताच गोळी थांबवून त्याच दिवशी एसजीपीटी तपासावे.

प्रश्न : २०२१ मध्ये करोनानंतर माझ्या मावशीला म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’) झाला होता. तिला मधुमेह आहे. पुन्हा होऊ नये म्हणून बीटा-डी-ग्लुकान दर तीन महिन्यांनी करावे का? — एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. म्युकर गटातील बुरशीत हे ग्लुकान चाचणीत सापडण्याइतके नसते आणि गॅलॅक्टोमॅनानही नसते. त्यामुळे निगेटिव्ह अहवाल फसवा ठरेल. मावशींसाठी एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) हीच तपासणी महत्त्वाची. चेहऱ्याच्या एका बाजूला सूज वा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव किंवा दात हलणे यांपैकी काही जाणवल्यास नाकाची दुर्बिणीतून तपासणी आणि ऊतीचा तुकडा, याच मार्गाने निदान होते.

प्रश्न : एका आरोग्य पॅकेजमध्ये माझे कॅन्डिडा आयजीजी (या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) ‘पॉझिटिव्ह’ आले. यकृतही बिघडेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : कॅन्डिडा बहुतेकांच्या आतड्यात मुक्कामाला असतेच, त्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे निरोगी माणसातही आढळतात. ताप नाही, वजन घटलेले नाही, यकृताच्या चाचण्या ठीक आहेत, असे असल्यास या अहवालावर उपचार करू नयेत आणि केवळ त्यावरून कोणी फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध दिल्यास ते घेऊ नये.