‘त्याची जिरली’ याचा आनंद होतो. मी वाईट माणूस आहे का?

नावडत्या पुढाऱ्याचं काही वाईट झालं की मनात आनंदाच्या उकळ्या फुटतात आणि मागाहून स्वतःचीच लाज वाटते. ही तक्रार घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे थेट कुणी येत नाही. लोक येतात झोपेसाठी, पित्तासाठी, घरातल्या अबोल्यासाठी. हे शेवटी, दाराशी चपला घालताना बाहेर पडतं. सर मात्र पहिल्याच भेटीत बोलले. (त्यांना विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सर लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. पन्नाशीला टेकलेले. एका संध्याकाळी टीव्हीवर खाली पट्टी सरकली: छातीत दुखू लागल्याने एक माजी मंत्री रुग्णालयात. सर ताडकन उठून बसले आणि बायकोला म्हणाले, “चहा टाक गं, साखर जरा जास्त घाल.” समोर दहावीतली लेक वही घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “पप्पा, तुम्हाला आनंद झालाय का?” तेव्हापासून सरांची झोप उडाली. “मॅडम, मी वर्गात पोरांना माणुसकी सांगतो. माझ्यातच काय सडलंय?”

सडलेलं काही नाही, हे मी आधी सांगून टाकलं. हा आनंद फार साधा आणि सार्वत्रिक आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अर्थव्यवस्था घसरली, युद्धात सैनिक मारले गेले, अशा सगळ्यांच्याच नुकसानीच्या बातम्यांतही, विरोधी पक्षाची पंचाईत होणार असेल तर विद्यार्थ्यांना थोडं बरं वाटत होतं. त्याआधी 2006 मध्ये मेंदूच्या स्कॅनवरचा एक प्रयोग झाला होता. खेळात लबाडी केलेल्याला वेदना होताना पाहून पुरुषांच्या मेंदूतले बक्षीस मिळाल्यावर जागे होणारे भाग जागे झाले. बायकांमध्ये तसं दिसलं नाही. हे ऐकून सरांच्या सौभाग्यवतींनी “मग? मी काय सांगत होते?” अशा नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. एका प्रयोगावरून बायकांना संतपद देऊ नये, असं माझं मत आहे. सासवा-सुनांच्या पुष्कळ कथा मी ऐकल्या आहेत.

पण ‘सगळ्यांनाच होतं’ एवढ्यानं माणसाला झोप लागत नाही. मी विचारलं, हाच मंत्री का? आणि मग वीस वर्षं बाहेर आली.

सर नोकरीला लागले तेव्हा शाळा ‘कायम विनाअनुदानित’ होती, म्हणजे सरकारकडून पगाराचं अनुदान कधीच न मिळणारी. लागताना संस्थेला ‘देणगी’ गेली, त्यासाठी वडिलांनी एक एकर रान विकलं. 2009 मध्ये सरकारनं त्यातला ‘कायम’ हा शब्द काढला आणि आता पगार सुरू होणार म्हणून घरी पुरणपोळ्या झाल्या. पुढं मूल्यांकन, पात्र-अपात्रच्या याद्या, त्रुटी, पुन्हा प्रस्ताव. अनुदान आलं ते टप्प्यांनी, आधी वीस टक्के, मग चाळीस. मधल्या काळात सर शाळा सुटल्यावर लातूरच्या बाजारात एका आडतीवर हिशोब लिहायचे. एकदा वर्गातल्याच मुलाचा बाप सोयाबीनची पट्टी घ्यायला समोर उभा राहिला. “गुरुजी, तुम्ही इथं?” सरांनी मान वर न करता पट्टी फाडून दिली. हे सांगतानाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आझाद मैदानावरच्या आंदोलनांना ते नेमानं जायचे. कोणकोणत्या मंत्र्यांनी तुम्हाला शब्द दिला, त्यांची नावं लिहा म्हटलं. गणिताच्या माणसानं कागद भरून दिला. त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते, सध्या ज्यांच्या बाजूनं ते तावातावानं भांडतात तेसुद्धा. मग एकाचाच एवढा राग का? बराच वेळ ते पेनचं टोपण काढत-घालत बसले. मग म्हणाले, “शिष्टमंडळात मी होतो. निवेदन हातात न घेताच तो म्हणाला, ‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं असल्या शाळेत लागायला?’ आणि त्याच्याबरोबरची सगळी माणसं हसली.”

अनुदान इतरांनीही थकवलं होतं. भर सभेत मान खाली घालायला लावली ती यानं. म्हणून त्याचं तिकीट कापलं तेव्हा आनंद, चौकशी लागली तेव्हा आनंद, आणि तो आयसीयूत गेला तेव्हाही तोच आनंद, त्याच चवीचा.

इथं मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करायला लावल्या. पुढारी निवडणुकीत पडला, त्याच्या कारभाराची झडती झाली, याचा आनंद मला अजिबात आजार वाटत नाही. आणीबाणीनंतर 1977 मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून हरल्या तेव्हा लोक रस्त्यावर नाचले. सत्तेचा हिशोब चुकता झाल्याचा तो आनंद होता, आणि तीनच वर्षांत त्या पुन्हा बहुमतानं निवडूनही आल्या. मतपेटीतल्या हारजितीचा आनंद उघडपणे करावा. माणसाच्या छातीतल्या कळेचं मात्र त्याच्या कारभाराशी काही देणंघेणं नसतं. तिथं हिशोब चुकता होत नाही, नुसतं कुणालातरी दुखतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची 1955 पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धत, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली, ती अशा ठिकाणी मला फार उपयोगी पडते. ‘त्यानं केलं ते वाईट होतं, त्याला जाब विचारला जावा’ हा विचार ठेवायचा. ‘त्याचं वाटोळं झालंच पाहिजे, त्याशिवाय मला चैन नाही’ हा तपासायचा. सर म्हणाले, “म्हणजे त्याला माफ करू?” मुळीच नाही. माफी मी कुणाला मागायला लावत नाही आणि द्यायलाही लावत नाही. मी एवढंच विचारलं की तुमचं चैन त्याच्या ईसीजीवर का टांगून ठेवलंय?

त्यांना एक वही करायला सांगितली. बातमी, आनंद दहापैकी किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो किती उरला. निवडणुकीतल्या हारजितीच्या आठवणी त्यांना अजूनही हसवत होत्या. आजारपण, घरातली भांडणं, पोराचा अपघात अशा बातम्यांचे आकडे रात्री आठ-नऊ आणि सकाळी शून्य, वर पित्त. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःहून वाढवला: ‘याने माझ्या फायलीचं काय झालं?’ तो रकाना रिकामाच राहिला.

मोठा पुढारी आपल्याला ओळखतही नाही, त्यामुळे आपल्या हसण्यानं त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या बाजूनं उभ्या असलेल्या आपल्याच माणसाशी. सरांचे साडू, घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, दुसऱ्या पक्षाचे गावपातळीवरचे कार्यकर्ते. 4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला, राज्यातल्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला गेल्या. 23 नोव्हेंबरला विधानसभेत महायुतीनं 288 पैकी 230च्या आसपास मारल्या. साडेपाच महिन्यांत सगळं उलटंपालटं. एका निकालाला सरांनी दाजींच्या घरी पेढे पाठवले, दुसऱ्याला दाजींनी सरांच्या दारात लड लावली. कोण कुठल्या बाजूचं ते सांगत नाही. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे अगदी सारखेच येतात. दोघी सख्ख्या बहिणी, त्यांचं फोनवर बोलणंसुद्धा चोरून चालू होतं.

पेढ्यांबरोबर काय पाठवलं होतं, असं मी विचारलं. चिठ्ठी होती: ‘दाजी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं असल्या पक्षात जायला?’ सरांनी ते वाक्य मला म्हणून दाखवलं आणि अर्ध्यातच थांबले. मी काही बोलले नाही. बायको म्हणाली, “अहो, हे तर त्याचंच.”

पुढच्या भेटींत मंत्र्याचा विषय फारसा निघाला नाही. सरांनी लेकीला सांगितलं की हो, झाला होता आनंद, आणि का झाला होता तेही. शिष्टमंडळाची गोष्ट तिला पहिल्यांदाच कळली. दाजींकडे ते एकटेच गेले, चिठ्ठीबद्दल बोलले. दाजींनी ऐकून घेतलं. लडीबद्दल त्यांनी अजून अवाक्षर काढलेलं नाही.

झोप सुधारली आहे. रात्री नऊची चर्चा सर अजूनही बघतात आणि नको तो माणूस पडला की टाळीही देतात. 2025 च्या दिवाळीच्या फराळाला दोन्ही घरं एकत्र बसली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असताना बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल का द्यावा लागतो आणि याला जबाबदार कोण, यावरून साडू-साडूंची चिवड्यावर अशी जुंपली की शेवटी बायकांनी टीव्ही लावला.